दारातल्या शेवंतीचं पाणी

अप्पा, दुष्काळातल्या त्या दारातल्या शेवंतीला पाणी मिळत होतं. वीस वर्षांच्या वर झालं, मी हेच म्हणत आले, आणि ते खरं निघालं. पण तुम्ही खोटं बोलत नव्हता, हेही खरं निघालं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते मला या उन्हाळ्यात कळलं, आणि आता सांगायला तुम्ही नाही. म्हणून लिहितेय. आमच्याकडं चाचण्यांचे छापील तक्ते उरतात, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून राहिले. तुमच्या हातात हे कागद पडले असते तर तुम्ही आधी उलटे करून पुढं काय छापलंय तेच वाचलं असतं.

नांदेडला क्वार्टरमध्ये बसलेय. दुपार आहे, कूलरचा आवाज आहे, अव्वा आत झोपलीय. तिला आता कमी ऐकू येतं, पण ऐकायचं नसेल तेवढंच कमी येतं असा माझा अंदाज आहे. मी काही महिन्यांत रिटायर होईन. फुलझाडं ताण कसा सोसतात, हे बघण्यात सगळी नोकरी गेली. आमच्या भाषेत ताण म्हणजे पाणी तुटणं, ऊन, खारी जमीन. तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही हसला होता. म्हणाला, "झाडाला कसला ताण आलाय? त्याला काय लेकीचं लग्न करायचंय?" तेव्हा माझ्या लग्नाचं चालू होतं आणि ते काही जुळत नव्हतं, म्हणून मला तो टोमणा वाटला. आता वाटतं, तुम्ही नुसतेच हसला असाल.

अहमदपूरच्या बाहेर आपलं घर, मागं विहीर, पुढं शेवंतीचे वाफे. पांढरी शेवंती, बारीक फुलाची, गावात सगळ्यांकडं असायची तीच. पहाटे तुम्ही आणि अव्वा फुलं तोडताय, ओल्या फडक्यात गुंडाळून करंडीत भरताय, आणि पहिल्या एसटीला लातूरकडं करंडी चढवून तुम्ही परत येताय, ते मला जसंच्या तसं दिसतं. मग अंघोळ, मग पूजा. पाटावर बसून तुम्ही गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढता, डाव्या तळहातावर ठेवता, उजव्या हातानं तांब्यातलं पाणी धार धरून सोडता. खाली ताम्हण असतं. विभूती, बेल, एक शेवंतीचं फूल. त्या वेळात तुम्हाला हाक मारायची कोणाची टाप नव्हती. तुमच्यानंतर अव्वाची पूजा, मग माझी. माझी पूजा म्हणजे तीन मिनिटांचं काम, डोळे मिटून शाळेचा विचार.

एकदा मला शाळेला उशीर झाला होता. आठ-नऊ वर्षांची असेन. पूजा झाली आणि मी ताम्हणातलं पाणी उचलून मोरीत ओतलं. तुम्ही दारातून बघितलं. तुम्ही मारत नव्हता, पण तुमचा आवाज खाली गेला की मारण्यापेक्षा वाईट वाटायचं. "पाणी समजलीस का ते?" तुम्ही म्हणाला. "मोरीत वततेत का? माणसाचा पाय पडतो तिथं टाकत नसतेत. झाडाच्या बुडाला घालावं." मी रडत शाळेत गेले. एवढंच मला आठवत होतं, अप्पा. रडत शाळेत गेले, इथपर्यंतच.

मग तो दुष्काळ. पावसाळा कोरडा गेला, दिवाळीला विहिरीचा तळ दिसला, आणि संक्रांतीनंतर त्यात उतरून बसता येईल अशी झाली. शेवंतीचं कसं असतं, फुलं संपली की झाड छाटायचं, मग बुडातून कोवळी रोपं फुटतात, त्याला आपण काश्या म्हणतो. त्या उन्हाळाभर जगवायच्या आणि पाऊस आला की लावायच्या. बी नाही, काही नाही, काश्या मेल्या की बेणं गेलं. त्या उन्हाळ्यात बेणं गेलं. सगळे वाफे वाळून काड्या झाले. घराला टँकरच्या दोन घागरी मिळायच्या. भांडी राखेनं घासून पुसायची, अंघोळ दिवसाआड, तीही ओल्या फडक्यानं अंग पुसून. झाडाला पाणी घालायचं नाव काढलं असतं तर अव्वानं घरात घेतलं नसतं.

आणि दाराच्या पायरीजवळ, त्या मोठ्या दगडाच्या कडेला, एक शेवंती हिरवी होती. करंडी ठेवताना कधीतरी एखादी काशी पडली असेल आणि तिथं रुजली असेल. जून आला तरी ती हिरवी. तुम्ही तिच्यासमोर उकिडवे बसून राहायचा. पान उलटं करून बघायचा, बुडाची माती बोटानं उकरायचा. मग एका सकाळी तुम्ही शेजारच्या मळ्यातल्या लोकांना बोलावून आणलं. त्यांतला एक जण हसून म्हणाला, "अप्पा, चोरून पाणी घालून राहिले काय?" घरातल्या पूजा नुकत्याच आटपल्या होत्या. तुम्ही आत गेला, लिंग परत तळहातावर घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "मपल्या हातात लिंग हाय. म्या या झाडाला एक थेंब पाणी घातलेलं न्हाई." तुम्ही शपथा घेणारा माणूस नव्हता, म्हणून ती शपथ सगळ्यांना पटली. मलाही पटली. मी अव्वाच्या मागं उभी होते.

त्या एका झाडापासून तुम्ही सगळे वाफे परत उभे केले. लोक काश्या मागायला यायचे, अहमदपूरचे, मग पार उमरी-भोकरचे. तुम्ही फुकट द्यायचा. वर बजावून सांगायचा, ही बिनपाण्याची शेवंती आहे. पुढच्या उन्हाळ्यात काही जण येऊन सांगायचे की आमची वाळली. तुम्ही म्हणायचा, निगा राखली नसंल. दारातलं मूळ झाड मात्र तुम्ही हलवलं नाही. ते तिथं मानवलंय म्हणायचा. दर उन्हाळ्यात ते हिरवं राहायचं आणि तुमचं म्हणणं दर उन्हाळ्यात खरं ठरायचं.

मी शेतकीला गेले ती त्या झाडामुळं, हे तुम्हाला माहीत होतं. आपल्याकडच्या मुली तेव्हा डीएड करायच्या. नोकरी लागली आणि मी नांदेडला निघाले, तेव्हा अव्वानं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि तुम्ही डालड्याच्या डब्यात ती शेवंती लावून दिली. डब्याला खाली खिळ्यानं भोकं पाडली होती आणि ती एकसारख्या अंतरावर होती. स्टँडवर डबा माझ्या मांडीवर ठेवून तुम्ही खिडकीतून म्हणाला, "याच्यात काय हाय ते काढ, माय. मला नुसतं दिसतंय, सांगता येऊन नाही राहिलं." मला कोणी इतका नेमका प्रश्न त्याआधी दिला नव्हता, आणि नंतरही फारसा नाही.

तर मी काढायला घेतलं. तुम्हाला तेव्हा हे नीट सांगितलं नाही, नुसता निकाल सांगितला, म्हणून आता सांगते. शेवंती हे किचकट प्रकरण आहे. माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, बहुतेक शेवंतींत सहा. त्यामुळं एक जनुक सापडलं आणि काम झालं असं होत नाही. मूळ किती खोल जातं, पानावरची बारीक छिद्रं कधी मिटतात, पाणी तुटल्यावर पेशी आत काय साठवून ठेवते, या प्रत्येकामागं वेगळी जनुकं, आणि ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. शिवाय फुलझाडांचं मूळ दुखणं असं की माणसानं पिढ्यान्‌पिढ्या फक्त फूल बघून झाड निवडलं. रंग बघितला, पाकळ्या बघितल्या, मुळाकडं कोणी बघितलं नाही. निवडता निवडता सोसण्याची ताकद कुठं गळून पडली ते कळलंही नाही. म्हणून असं एखादं झाड सापडलं तर ते मोलाचं असतं.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत होती. काश्यांपासून वाढवलेली शेवंती म्हणजे सगळी एकच झाड. वाफ्यातलं जे वाळलं आणि दारातलं जे जगलं, दोघांचं रक्त एकच. मग एकच का जगलं? दोनच शक्यता. एक, त्या झाडात आपोआप बदल झाला. शेवंतीत असं होतं, पांढऱ्या झाडाच्या एका फांदीला पिवळं फूल येतं आणि पुढं तिच्या काश्याही पिवळ्याच निघतात. तसा सोसण्याचा बदल झाला असेल. दुसरी शक्यता म्हणजे त्याला पाणी मिळालं. दुसरी मी विचारातच घेतली नाही, कारण तुमच्या तळहातावर लिंग होतं.

चाचणी झाली. तुमची शेवंती आणि गावातली साधी पांढरी, सारख्या कुंड्या, सारखी माती, एका दिवशी पाणी तोडलं. दोघी एकाच दिवशी माना टाकून बसल्या. मी परत केली. परत तेच. मग दोघींच्या पानांतून डीएनए काढला. काचेसारख्या जेलवर पट्टे उमटतात, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचे. पट्ट्याला पट्टा जुळला. आमच्या साहेबांनी चष्मा वर करून ते बघितलं आणि विचारलं, "हा दावा कोणाचा?" मी म्हटलं, माझ्या वडिलांचा. ते सज्जन होते, हळू आवाजात म्हणाले, "मग त्यांनी पाणी घातलं असणार, बाई. आता आठवत नसेल." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण राग त्यांचा आला नाही, तुमचा आला. तोंडघशी पडले मी आणि पाडलं तुम्ही, असा सरळ हिशोब मी केला.

त्याच रागात मी एसटीत बसून अहमदपूरला आले. तुम्ही ओट्यावर होता. उमरीहून दोघं काश्या न्यायला आलेले, त्यांच्यासमोर चहा. मला बघून तुम्हाला आनंद झाला, तो तुम्ही लपवला नाही. त्यांना म्हणाला, "ही मपली लेक. हिच्याच लॅबात हाय आपली शेवंती." आणि मला, "काय निघालं, माय?" मी पाय धुवायला आत गेले असते, घोटभर पाणी प्यायले असते, तर कदाचित वेगळं बोलले असते. उभ्या उभ्या म्हटलं, "काही निघालं नाही. साधीच शेवंती आहे ती. तुम्ही पाणी घातलं असणार अप्पा, तुम्हाला आठवत नाही."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. त्या दोघांकडं बघितलं. त्यातला मोठा अवघडून म्हणाला, "असू द्या की अप्पा, आम्ही नेतो तरी." तुम्ही म्हणाला, "नका नेऊ. पोरगी शिकलेली हाय. तिनं तपासलंय. ती न्हाई म्हणती तर न्हाई." पोत्यात गुंडाळून ठेवलेल्या काश्या तुम्ही उचलल्या आणि गोठ्याकडं गेला. ते दोघं रिकाम्या हातानं उठले. संध्याकाळी जेवताना तुम्ही ताटाकडं बघत एवढंच म्हणाला, "म्या लिंग हातात घिऊन सांगितलं होतं." मी म्हटलं, "मग मशीन खोटं बोलतंय का?" अव्वानं मला गप्प बस म्हणून डोळे वटारले. तुम्ही भाकरी पूर्ण खाल्ली, ताट धुतलं, आणि उठला.

त्यानंतर तुम्ही कोणाला काश्या दिल्या नाहीत. मी आले की तब्येत विचारायचा, साहेब कसे आहेत विचारायचा, जाताना पिशवीत चिंच घालायचा. शेवंतीचं नाव नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तुम्हाला बसवून, अंगाला विभूती लावून समाधी दिली, शेताच्या कोपऱ्यात, आणि लोक फुलांचे हार घेऊन आले, त्यात उमरीचा तो मोठाही होता. त्यानं मला ओळखलं. मान हलवली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. अव्वाला मी नांदेडला आणलं. दारातली शेवंती त्याच उन्हाळ्यात वाळली. घर बंद होतं, तेव्हा त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. मला तर नाहीच.

आता जे सांगते ते ऐकायला तुम्हाला आवडणार नाही, पण कागदावर ते आहेच. तुमची शेवंती आमच्याकडं जिवंत आहे. इतकी वर्षं आम्ही ती जपली, कारण ती लवकर सुकते. चाचणीत एक झाड असं लागतं जे पहिल्यांदा मान टाकणार हे माहीत असतं, म्हणजे बाकीची त्याच्याशी ताडून बघता येतात. ते काम तुमच्या शेवंतीकडं आहे. नोंदवहीत तिच्यापुढं शेऱ्याच्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलंय, "शेतकऱ्याचा दावा खोटा." शेतकऱ्याचं नाव नाही. नवीन पोरं येतात, ती वाचतात आणि पुढचं पान उलटतात.

या उन्हाळ्यात आमच्या शेडनेटची दुरुस्ती निघाली, म्हणून तुमच्या शेवंतीच्या आठ कुंड्या मी घरी आणल्या. मागच्या अंगणात भिंतीला लावून ठेवल्या. आणल्यातच आहेत तर पाणी तोडून बघू म्हटलं, सवय जात नाही. अव्वाला बजावलं, "अव्वा, या कुंड्यांना पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही." ती म्हणाली, "कामून घालू? मला काय दुसरे कामं न्हाईत?" ठरल्याप्रमाणे सात कुंड्यांनी माना टाकल्या. मागच्या दाराजवळची आठवी उभी राहिली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशीही पानं ताठ.

तुम्हाला सांगते अप्पा, माझा विश्वास बसेना. इतकी वर्षं नोकरी केलेली बाई मी, आणि एकाच पानाचं वजन तीनदा करून बघितलं. मनात काय काय येऊन गेलं. एवढ्या वर्षांत आमच्याकडं बदल झाला असेल. किंवा तुमच्याकडंच झालेला होता आणि तुम्ही दिलेल्या डब्यातली काशी चुकीच्या बाजूची निघाली. किंवा आमच्या पट्ट्यांना तो दिसलाच नव्हता, तेव्हा आम्ही फार थोडे पट्टे बघायचो. मी अव्वाला विचारलं, "खरं सांग, तू पाणी घातलंस?" ती म्हणाली, "न्हाई, माय." आवाजात काही लपवाछपवी नाही. मी रडले, हे लिहून ठेवते. मागच्या पायरीवर बसून, त्या कुंडीसमोर, तुमच्यासारखीच उकिडवी. तुमचं खरं होतं असं मला दोन दिवस वाटलं, आणि ते दोन दिवस फार बरे गेले.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. अव्वाची पूजा आटपली. ती भिंतीला धरत धरत मागच्या दाराशी आली, वाकली, आणि ताम्हणातलं पाणी त्या कुंडीच्या बुडाशी सोडलं. मग तांब्यात उरलेलंही ओतलं. पदरानं हात पुसले.

मी म्हटलं, "अव्वा, हे काय करून राहिलीस?"

"पूजेचं हाय."

"मी पाणी घालू नको म्हटलं होतं ना?"

"पाणी कुठं घातलं? पूजेचं हाय म्हणलं ना." तिला माझा प्रश्नच कळत नव्हता. "ते काय मोरीत टाकू? तुमच्या या क्वार्टरात एक बेलाचं झाड न्हाई."

मी गॅस बंद केला. तिच्याजवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "अप्पा कुठं घालायचे हे पाणी? अहमदपूरला?"

"दारातल्या शेवंतीला की. दगडापशी."

"दुष्काळात पण?"

"दुष्काळात काय पूजा चुकती का? प्यायला पाणी नसलं तरी पूजेचे तीन तांबे बाजूला काढायचे तुझे अप्पा." मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. "पर तुझे अप्पा कधी घालायचे? तूच न्यायचीस ते. मोरीत वतलं म्हणून वरडले व्हते ना तुला, तव्हापासून तूच. तिघांचं पाणी एका ताम्हणात करून रोज नेऊन घालायचीस शेवंतीला. लई वर्सं. तुला ठाऊक न्हाई का?"

मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितल्यावर आठवलं, आणि इतकं सगळं आठवलं की आधी ते कुठं होतं कळेना. ताम्हणाची कड बोटांना गार लागायची. पाणी सांडू नये म्हणून मी श्वास धरून चालायचे. दगडाच्या कडेला माती नेहमी काळी असायची, आणि पाण्यावर तरंगत आलेलं बेलाचं पान तिथं चिकटून बसायचं. त्या दिवशी तुम्ही शेजाऱ्यांना घेऊन आलात, लिंग हातात घेऊन शपथ घेतलीत, तेव्हा अव्वाच्या मागं उभ्या असलेल्या माझ्या हातात रिकामं ताम्हण होतं. मी ते नुकतंच ओतून आले होते. तुमची शपथ ऐकली आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तुम्हीच शिकवलं होतं की ते पाणी नाही.

तर असं आहे. त्या झाडाला पाणी मी घालत होते. पुढं मी मोठी झाले, लातूरला शिकायला गेले, तेव्हा तुम्ही घालायला लागला असाल. प्रयोग करताना मी तुम्हाला शंभर प्रश्न विचारले, जमीन कोणती, ऊन किती, सांडपाणी जातं का, म्हैस तिथं बांधता का, आणि स्वतःला एक विचारला नाही. कॉलेजात गेल्यावर मी गळ्यातलं लिंग काढून ट्रंकेत ठेवलं, हे तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही बोलला नाहीत. मला वाटायचं, त्याबरोबर तिकडचं सगळं सुटलं. पण प्रयोग मांडताना माझ्या डोक्यातलं ते पाणी, पाणी झालं नाही ते नाहीच. साहेबांना दोष नाही, मशीनलाही नाही. साहेब म्हणाले तसं आठवत नसलेलं माणूस खरंच एक होतं, फक्त ते तुम्ही नव्हता.

ऑफिसात जाऊन मी नोंदवही काढली. नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही, एक रेघ मारायची, बाजूला सही आणि तारीख घालायची. "दावा खोटा" वर रेघ मारली. पुढं काय लिहायचं ते सुचेना. रकाना बोटभर रुंद. शेवटी लिहिलं, "झाडास रोज पूजेचे पाणी मिळत होते. शेतकऱ्यास ते पाणी वाटत नव्हते." खाली सही केली. माझ्या आडनावावरून कोणाला काही कळेल असं नाही. उमरीला जाऊन त्या माणसाला सांगावं असं मनात आलं, पण त्याचं नाव मी तेव्हाही विचारलं नव्हतं. मग सांगायचं राहिलेले तुम्ही एकटेच उरलात, आणि तुमच्यासाठी हे तक्ते खराब करून राहिले. पोस्टात टाकायचा प्रश्न नाही. त्याच नोंदवहीत, त्याच पानाला टाचून ठेवीन, किंवा ठेवणारही नाही. पोरं वाचतील आणि मॅडमचं काय बिनसलं म्हणतील.

अव्वाचे गुडघे आता फार दुखतात. तिला पायरी उतरवत नाही, म्हणून ताम्हण उचलून मागं न्यायचं काम परत माझ्याकडं आलंय. सात कुंड्या मी ऑफिसात परत पाठवल्या, आठवी ठेवून घेतली. काल सकाळी मी ताम्हण घेऊन मागच्या दारात उभी असताना आमच्या रोपवाटिकेतल्या मावशी कशासाठी तरी आल्या. त्यांनी ती कुंडी बघितली, मातीत बोट घातलं. म्हणाल्या, "मॅडम, बाकीच्या सगळ्या वाळल्या आन ही एवढी हिरवी कशी? पाणी घालून राहिल्या काय?" मी म्हटलं, "न्हाई, मावशी. एक थेंब न्हाई." ताम्हण माझ्या हातात होतं, ओतून रिकामं झालेलं. आणि अप्पा, मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.